आजीबाईंना लिहिलेली पत्रं



आजचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा गावात एक प्रश्न नक्की फिरला असेल. सोयगावात चर्चवर व्याख्यान कशाला? तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत, वेताळवाडीचा किल्ला आहे, कपाशीचा भाव आहे. बोलायला विषय कमी पडले का?

विषय चर्चचा आहे, पण दुखणं ओळखीचं आहे. ज्या उंबऱ्याबाहेर चपला काढून माणूस आत जातो, जिथे डोकं टेकवतो, तिथेच त्याला मार बसला तर त्याने जायचं कुठे? कुंपणच शेत खायला लागल्यावर शेतकऱ्याने तक्रार कुणाकडे करायची? आणि तक्रार केलीच, तर घरचे म्हणतात, देवाधर्माची गोष्ट आहे, चव्हाट्यावर आणू नकोस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एक खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. हे व्याख्यान ख्रिस्ती समाजाला बोल लावण्यासाठी नाही. मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून आले. ज्यांना शाळेच्या पायरीवरही बसू दिलं जात नव्हतं, त्यांच्या हातात पहिली पाटी मिशनने दिली. हे ऋण कुणी नाकारू नये. आणि चर्चच्या चुका ऐकून कुणाला गुदगुल्या होणार असतील, तर त्याने आधी आपल्या गावच्या देवस्थानाच्या ट्रस्टकडे हिशेब मागून पाहावा, मग हसावं.

तर तीन प्रश्न आहेत. दुखावलेल्या माणसाचं म्हणणं कुणी लिहून ठेवलं? जाब कुणी विचारायचा? आणि बरं होणं म्हणजे नेमकं काय? पहिल्यावर जास्त वेळ जाणार आहे, कारण त्यातच दम आहे.

सुरुवात जालन्यापासून करू. नारायण शेषाद्री हे नाव तिथल्या ख्रिस्ती समाजात आजही आदराने घेतलं जातं. जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत त्यांनीच उभी केली. पण त्यांचं नाव आधी गाजलं ते १८४३ साली मुंबईत. नारायण यांनी स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहिला. वडील मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेले. मुलाला धर्म निवडण्याइतकी समज आलेली नाही, असं म्हणत कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण पोरगं मिशनऱ्यांच्या घरी जेवलं होतं. ते बाटलं, त्याला जातीत घ्यायचं नाही, असा सनातन्यांचा हेका. बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि म्हणाले, प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या. त्यापायी त्यांनी विरोध सोसला, निंदा सोसली.

या प्रकरणावर भरपूर लिहिलं गेलं. कोर्टात, वर्तमानपत्रांत, मिशनच्या अहवालांत. मिशनरी बोलले, शास्त्री बोलले, न्यायाधीश बोलले. पण इकडून तिकडे ओढल्या गेलेल्या त्या मुलाला काय वाटलं? ते कुणी विचारलं? मोठ्यांच्या कागदांत श्रीपत हा एक ‘खटला’ आहे. त्याचा स्वतःचा आवाज त्या गदारोळात कुठे ऐकूच येत नाही.

आता चाळीस वर्षं पुढे येऊ. १८८३. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी पोहोचतात. वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा कॉलऱ्याने गेलेला, कडेवर लेक मनोरमा. संस्कृत तोंडपाठ, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत होतं, ते राहून गेलं. त्या सेंट मेरीच्या सिस्टर्सच्या मठात राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आपला जीव दिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

तिथून पुढची गोष्ट फार ऐकण्यासारखी आहे.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणायची, आणि रमाबाईही पत्रांत त्यांना आजीबाईच लिहायच्या. प्रेम खरं होतं. पण रमाबाई प्रश्न विचारणाऱ्या होत्या. येशू मान्य, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच, हा त्रैक्याचा सिद्धान्त जसा शिकवला जातो तसाच गिळायचा का? बायबल आपलं आपण वाचायचं, की बिशप सांगतील तसं? चर्चच्या अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, तर आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं उत्तर रमाबाईंनी दिलं. बाई एकटी. परक्या देशात. अन्नवस्त्र मठाचं. आणि ती धर्ममातेला हे लिहिते!

भांडणं नुसती सिद्धान्ताची नव्हती. ताटातली होती. रमाबाई शाकाहारी होत्या, अंडं घातलेलं पुडिंग खात नसत. सिस्टरना त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंनी तो आरोप हसत हसत अंगावर घेतला आणि उलट विचारलं, एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला आली आणि आपल्या सवयीने जेवली, तर तिलाही तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का? मग गळ्यातल्या क्रुसावरून. त्यावर लॅटिन अक्षरं. रमाबाईंचं म्हणणं, अक्षरं हवीच असतील तर संस्कृतात घाला. संस्कृत देवांची भाषा म्हणून नव्हे, आपल्या देशाची भाषा म्हणून. क्रूस टाकून दिला नाही. क्रुसावर आपली भाषा मागितली. केवढा फरक आहे, पाहा.

चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या. तिथे तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावं का, असा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातले बिशप विरोधात गेले. असं केलं तर देशात रमाबाईंची किंमत कमी होईल, हे त्यांचं म्हणणं. हजारो पुरुषांपुढे व्याख्यानं दिलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. वडिलांनी अडवलं नाही, नवऱ्याने अडवलं नाही, आणि आता बिशप अडवणार? हे सगळं त्यांनी लिहून कळवलं. दुखावलं गेल्यावर त्या रडत बसल्या नाहीत, धर्मही सोडून गेल्या नाहीत. कागद पुढे ओढला आणि मुद्देसूद जाब मागितला.

इथे एक गैरसोयीची गोष्ट सांगावी लागेल. सांगितली नाही तर हे व्याख्यान आरती होईल. पुढे हाच जाब रमाबाईंनाही विचारला गेला. त्यांचं शारदा सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. विधवांचं घर, धर्मात ढवळाढवळ नाही, हा शब्द होता. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तशी ओरड झाली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं उत्तर होतं, दार उघडं आहे, कुणावर सक्ती नाही. टीकाकारांचं म्हणणं होतं, आधार देणाऱ्या हाताचंही वजन असतं. कोण बरोबर? निराधार मुलगी ज्या घरात जेवते, तिथल्या बाईंना ‘नाही’ कितपत म्हणू शकते, हा प्रश्न टीकाकारांच्या हेतूबद्दल कितीही शंका असली तरी खोटा ठरत नाही. वाँटेजच्या मठात रमाबाईंना जे जड गेलं, ते जोखीम म्हणून त्यांच्याही घरात होतं. सत्तेचं हे असंच असतं. ती चांगल्या माणसाच्या हातात असली तरी तिच्यावर कुणाची तरी नजर असावी लागते.

मराठी ख्रिस्ती घराण्यांत दुसरं मोठं नाव टिळकांचं. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाईंना विचारलं होतं का? नव्हतं. नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या, अशी वर्षं गेली. त्या काळात लक्ष्मीबाईंनी काय काय सोसलं ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि ते त्यांनी अशा हसऱ्या बोलीत सांगितलंय की वाचणारा हसता हसता एकदम गप्प होतो. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या पायांनी चालत, आपल्या वेळेला.

टिळकांची जखम वेगळी. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते दोन दशकं रमले, भजनं लिहिली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळला. पण पगार देणारा साहेब आणि पगार घेणारा देशी उपदेशक हे मायबाप-लेकराचं नातं त्यांना खुपत राहिलं. हिंदी माणसाने हिंदी रीतीने येशूला भजायचं, तर परवानगी कुणाची? १९१७ साली त्यांनी मिशन सोडलं. ख्रिस्त सोडला नाही. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले. काम अर्धंच राहिलं. मिशन सोडताना त्यांनी आदळआपट केली नाही, पण ते गुपचूपही सटकले नाहीत. कारण सांगून गेले. संस्थेवर रागावलेल्या माणसाला देवावरही रागवावंच लागतं असं नाही, हे रमाबाईंनी आणि टिळकांनी जगून दाखवलं.

जातीचं काय, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारेलच. बरोबर आहे. धर्म बदलला, वस्ती बदलली नाही. दफनभूमीत वेगळी जागा, लग्न ठरवताना जुनी जात. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चच्या आत अस्पृश्यता आहे, हे लेखी मान्य केलं. दलित समाजातले पहिले कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, २०२२ मध्ये झाले. एवढा उशीर का, याचं उत्तर त्या धोरणात शोधू नका.

आता दुसरा प्रश्न. जाब कुणी विचारायचा?

मुंबईत २०१५ साली एका तेरा वर्षांच्या मुलावर चर्चमधल्या धर्मगुरूने लैंगिक अत्याचार केला. कुटुंब चर्चला जाणारं, श्रद्धाळू. त्यांनी चर्चच्या वरिष्ठांना सांगितलं, आणि मग पोलिसांकडे त्यांना स्वतःच जावं लागलं. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने त्या धर्मगुरूला दोषी ठरवून जन्मठेप दिली. मधे, २०१९ मध्ये, बीबीसीने हे प्रकरण मांडलं तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या, असं कबूल केलं. त्याच महिन्यात व्हॅटिकनमध्ये बालशोषणावर जगभरच्या बिशपांची परिषद होती आणि तिच्या आयोजकांत ते स्वतः होते. यावर टीका करायला वेगळे शब्द लागत नाहीत.

केरळचं प्रकरण तुम्ही वाचलं असेल. सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीच्या रस्त्यावर पाच नन्स आंदोलनाच्या मंडपात बसल्या. त्यांच्या सहकारी ननने एका बिशपवर बलात्काराचा आरोप केला होता. बिशपांना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, निकालाविरुद्ध अपील दाखल झालं. गुन्हा घडला की नाही हे न्यायालयाने ठरवायचं, व्याख्यानातून नव्हे. पण एक गोष्ट निकालावर अवलंबून नाही. त्या बायका रस्त्यावर येण्याआधी चर्चमधल्या एकेका मोठ्या दारावर जाऊन आल्या होत्या. घरातली सगळी दारं बंद झाल्यावरच माणूस अंगणात येऊन ओरडतो.

अमेरिकेत २००२ साली बॉस्टन ग्लोब या दैनिकाने कॅथलिक धर्मगुरूंबद्दल जे उघड केलं, त्यात धक्का अत्याचारांच्या संख्येचा होताच. त्याहून मोठा धक्का होता तो बदल्यांचा. तक्रार आली की धर्मगुरूची बदली. नवं गाव, नवी पोरं. आपल्याकडे तलाठ्याची बदली होते तशी! अँग्लिकन चर्चचे प्रमुख जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा दिला, तो अत्याचाराच्याच एका जुन्या प्रकरणात पाठपुरावा केला नाही म्हणून. म्हणजे हा एका पंथाचा आजार नाही.

मग जाब विचारणार कोण? संस्थेने संस्थेची चौकशी करायची, हे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखं आहे. इथे आपल्या देशाचा कायदा स्पष्ट आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा. मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. बिशप, पाळक, महंत, मौलवी, मुख्याध्यापक, कुणालाही वगळलेलं नाही. ‘आधी आपल्यात मिटवू’ ही चाल या कायद्यात गुन्हा ठरते.

दुसरा कायदा तर खास महाराष्ट्राचा. तोंड उघडणाऱ्या कुटुंबाचं काय होतं? लग्नाला बोलावणं बंद. मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. वाळीत टाकलं, असं कुणी म्हणत नाही, पण टाकलेलं असतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. जातपंचायतींच्या छळातून तो आला, पण जातपंचायतीपुरता तो नाही. कोणत्याही समाजाने असा बहिष्कार घातला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. चर्चची समिती त्यातून सुटत नाही.

आणि तिसरा प्रश्न, बरं होणं.

ख्रिस्ती घरात सर्वांत लवकर जो शब्द कानावर येतो तो ‘क्षमा’. सुंदर शब्द आहे. पण कुणी उच्चारायचा? ज्याला लागलं त्याने, त्याच्या वेळेला. ज्याने मारलं त्याने, किंवा मारणाऱ्याच्या कार्यालयाने, ‘क्षमा कर, येशूने शिकवलंय’ असं सुनावलं की तो औषधाचा नव्हे, धाकाचा शब्द होतो. बायबलमध्येच जक्कयाची गोष्ट आहे. करवसुली करणारा, लोकांना लुबाडणारा माणूस. येशू घरी पाहुणा म्हणून आला तेव्हा तो नुसता ‘चुकलो’ म्हणाला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला ज्याला फसवलं त्याला चौपट परत, असं त्याने आकडे सांगून कबूल केलं. पश्चात्तापाचा हिशेब असतो, हे येशूच्या गोष्टीतच आहे. मग मिशनच्या जमिनी ज्यांनी विकून खाल्ल्या, ज्या शाळेत मूल दुखावलं गेलं, तिथे हिशेब मागणारा अश्रद्ध कसा ठरतो?

कॅनडात आदिवासी मुलांना घरातून उचलून चर्चने चालवलेल्या निवासी शाळांत ठेवलं जाई. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. त्यातली अठ्ठावन्नावी अशी, की पोपनी कॅनडात येऊन, वर्षभरात माफी मागावी. पोप फ्रान्सिस आले जुलै २०२२ मध्ये. वर्षभराचं काम सात वर्षांनी. तरी आले, आदिवासींच्या भूमीवर आले, त्या शाळांतून गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या समोर उभे राहिले, हे काहीच नाही असं म्हणवत नाही. पण त्या आयोगाचं खरं काम माफीच्या आधीचं. शाळेत राहिलेल्या हजारो माणसांचं म्हणणं बसून ऐकलं आणि लिहून घेतलं.

लिहिलेलं जपलं नाही की काय होतं, हे पाहायला गोव्यात जा. तिथलं पोर्तुगीज काळातलं धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० ते १८१२ असं जवळजवळ अडीच शतकं चाललं. बंद झाल्यावर त्याचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर पुस्तक लिहिलं ते इकडचे तिकडचे दस्त गोळा करून. कुणाला कोठडीत टाकलं, कुणाचं घर जप्त झालं, कोण रातोरात नदी ओलांडून पळालं? बहुतेकांची नावं राखेत गेली. आता माफी मागायची तरी नाव घेऊन कुणाची मागणार?

म्हणून या तालुक्यात, जिल्ह्यात जे ख्रिस्ती बंधुभगिनी आहेत, जे पाळक आहेत, त्यांना एक विनंती. चर्चच्या दारावर उपासनेच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्याखाली तीन ओळी आणखी लिहा. तक्रार कुणाकडे करायची, त्या समितीत चर्चबाहेरचं माणूस कोण, आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक. आणि एक वही ठेवा. तक्रार आली की तारीख घाला, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहा, त्याची सही घ्या, प्रत त्याच्या हातात द्या. वही कुलपात असू दे, पण किल्ली एकाच माणसाकडे नको. आणि बाकीच्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, आपापल्या मठाच्या, मदरशाच्या, आश्रमशाळेच्या दारावर त्या तीन ओळी आहेत का ते उद्या जाऊन पाहावं.

वाँटेजच्या आजीबाईंची गोष्ट सांगायची राहिली. सिस्टर जेराल्डिनचं आणि रमाबाईंचं अनेक गोष्टींत शेवटपर्यंत जमलं नाही. आपलंच बरोबर, असं सिस्टरना वाटत राहिलं, त्यांच्या टिपणांत ते दिसतं. पण त्यांनी रमाबाईंची पत्रं फाडली नाहीत. स्वतःला टोचणारी, चर्चला टोचणारी, पुडिंगवरची, क्रुसावरची, सगळी जपून, जुळवून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती इंग्रजीत छापली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला केडगावात वारल्या होत्या. त्यांचा जाब छापून यायला त्यानंतर पंचावन्न वर्षं लागली.